केमो संपल्यावर डॉक्टरांनी व्यायामही लिहून द्यावा: अनुभव आणि माहिती

गोदाकाठ

कॅन्सरचे रुग्ण आमच्याकडे फिजिओथेरपीला येतात ते बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर. ऑपरेशननंतर खांदा आखडतो, हात सुजतो किंवा पडून पडून पायातली ताकद जाते आणि जिना चढवत नाही, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी येते. काहीच बिघडलेलं नसताना 'यांचे उपचार पूर्ण झालेत, आता यांना नियमित व्यायामाला लावा' अशी चिठ्ठी फार क्वचित येते. ती का येत नाही आणि यावी यासाठी काय करता येईल, यावर इथे बोलावं असं बरेच दिवस मनात होतं.

आत्ताच लिहिण्याचं कारण म्हणजे कॅनडातली 'चॅलेंज' नावाची चाचणी. तिचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये शिकागोच्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले आणि त्याच वेळी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले डॉ. ख्रिस्तोफर बूथ आणि अल्बर्टा विद्यापीठातले केरी कूर्निया हे तिचे प्रमुख. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि त्यानंतरची केमो पूर्ण झालेले ८८९ रुग्ण त्यांनी घेतले. बहुतेक सगळे तिसऱ्या टप्प्याचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला चांगलं खाणं आणि हालचाल यांबद्दलची माहितीपत्रकं दिली. दुसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि शिवाय तीन वर्षं एक मार्गदर्शक दिला.

मार्गदर्शकाचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी भेट, त्या भेटीत बोलणं आणि देखरेखीखाली व्यायाम. पुढचे सहा महिनेही पंधरा दिवसांनी संपर्क, पण तो फोनवर झाला तरी चालत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. व्यायामाचा प्रकार रुग्णाने निवडायचा. अपेक्षा एवढीच, की आधी जेवढी हालचाल होती तिच्यात आठवड्याला तीन-चार वेळा पाऊण तास भरभर चालण्याएवढी भर पडावी. जिम लागत नाही, यंत्रं लागत नाहीत.

पाच वर्षांनी व्यायामाच्या गटातले ८०.३ टक्के लोक आजार न उलटता जिवंत होते, माहितीपत्रकांच्या गटातले ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ टक्के आणि ८३.२ टक्के. आजवर आम्ही व्यायाम सांगायचो तो थकवा कमी व्हावा, झोप लागावी, मन थाऱ्यावर यावं म्हणून. आयुष्य वाढतं असं इतक्या नीट बेतलेल्या चाचणीतून दाखवून देता येत नव्हतं.

आता माझा मूळ मुद्दा. याच केरी कूर्नियांच्या गटाचा २००४ सालचा एक जुना अभ्यास आहे, ली जोन्स हे त्याचे पहिले लेखक. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार नुकतेच सुरू झालेल्या ४५० बायकांमधल्या काहींना कर्करोगतज्ज्ञांनी भेटीतच 'व्यायाम करा' असं स्पष्ट सांगितलं, काहींना सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं त्यांनी खरोखर जास्त व्यायाम केला. भेटीतली अर्धा मिनिटाची दोन-तीन वाक्यं, पण बोलणारे त्यांचे स्वतःचे डॉक्टर होते.

आपल्याकडे तर ही दोन वाक्यं रुग्णापेक्षा घरच्यांसाठी जास्त गरजेची आहेत. आपल्या घरात आजारी माणसाची माया कशी करतात ते सगळ्यांना माहीत आहे. 'तू उठू नकोस', 'पाणी मी आणते', 'जिना कशाला उतरतेस'. सून, मुलगा, शेजारच्या काकू, सगळे मिळून माणसाला पलंगावर बसवून ठेवतात. रुग्णाला चालावंसं वाटलं तरी घरचे चालू देत नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी घरच्यांसमोर 'यांना रोज चालवा' म्हटलं, तरच त्या घरात काही बदलतं. मी कितीही सांगितलं तरी 'मॅडम म्हणतात, पण मोठे डॉक्टर काही बोलले नाहीत' हे मला ऐकावं लागतं.

तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं? कधी सांगितलं? लिहा.

---

चाफा

छान धागा, ताई. माझं स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, शेक (रेडिएशन) झाले. डिस्चार्जच्या वेळी नर्सबाईंनी जे सांगितलं ते पक्कं डोक्यात बसलं: त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हाताचं बीपी घेऊ द्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही. सासूबाईंनी तर मला तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. व्यायामाबद्दल कुणीच काही बोललं नाही. भिंतीवर बोटं चढवायचा एक व्यायाम दाखवला होता तेवढाच.

आता उपचार संपून बराच काळ झालाय. हात सुजलेला नाही, पण इतका दुबळा झालाय की कणीक मळताना मध्येच थांबावं लागतं. आता वजन उचलायला सुरुवात केली तर सूज येईल का, ही भीती जात नाही.

---

गोदाकाठ

@चाफा, ही भीती तुमच्या एकटीची नाही आणि ती अगदी निराधारही नाही. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातलं लसिकेचं पाणी परत वाहून नेणारे मार्ग कमी होतात, म्हणून सूज येऊ शकते. त्यावरून 'हात वापरूच नका' असा सल्ला रूढ झाला आणि वर्षानुवर्षं चालत राहिला.

तो सल्ला तपासून पाहिला गेला आहे. कॅथरिन श्मिट्झ यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हात आधीच सुजलेल्या १४१ बायका घेतल्या. अर्ध्या जणींना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनांचे व्यायाम दिले. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, त्रास झाला नाही तरच थोडं वाढवायचं, आणि व्यायामाच्या वेळी हातावर दाबाची बाही, म्हणजे हात घट्ट दाबून धरणारी. २००९ मध्ये निष्कर्ष आले. सूज वाढलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, ११ आणि १२ टक्के. सूज अचानक भडकून उपचार घ्यावे लागले अशांचं प्रमाण व्यायाम करणाऱ्यांमध्ये १४ टक्के होतं, न करणाऱ्यांमध्ये २९ टक्के. म्हणजे वजनाने सूज वाढली नाहीच, उलट हात धट्टाकट्टा झाला.

त्याआधी १९९६ मध्ये व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या क्रीडावैद्यक डॉक्टरांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला शिकवलं. वल्हवताना दोन्ही हातांना आणि खांद्यांना जोरात, सलग काम पडतं, म्हणजे तेव्हाच्या सल्ल्याच्या अगदी उलट. त्या बायकांपैकी कुणाचाही हात सुजला नाही. आज अशा बायकांच्या नौका जगभर आहेत.

तुम्ही सुरुवात अर्ध्या किलोने करा. पाण्याची अर्धा लिटरची भरलेली बाटली चालेल. कोपरातून हात वाकवणं, खांद्याच्या उंचीपर्यंत बाजूला उचलणं, भिंतीला हात टेकून ढकलणं. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोनदा, मध्ये एखाद-दोन दिवसांची विश्रांती. हात जड वाटला, अंगठी घट्ट झाली, कातडी ताणल्यासारखी वाटली तर थांबा आणि दाखवा. पहिल्यांदा जवळच्या फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून बघा, म्हणजे धीर येईल.

---

आकडेमोड

आकडे मांडल्याबद्दल आभार. काही शंका आहेत, विरोध म्हणून नाही, नीट समजून घ्यायचं म्हणून विचारतो.

एक, ८० आणि ७४ यांत फरक सहाचा. त्यासाठी तीन वर्षं एक माणूस मागे लावायचा, हे परवडतं का? दोन, जो माणूस चालू शकतो तो मुळातच कमी आजारी असतो, मग चालण्यामुळे आयुष्य वाढलं की आयुष्य असलेला माणूस चालला? तीन, व्यायाम करणारी माणसं एरवीही शिस्तीची असतात, खाणंपिणं सांभाळतात, औषधं चुकवत नाहीत.

---

पन्हाळगड

मी कर्करोगतज्ज्ञ आहे, दक्षिण महाराष्ट्रात काम करतो. @आकडेमोड यांचे प्रश्न योग्य आहेत, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो आणि मग डॉक्टरांच्या बाजूने थोडं लिहितो.

तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेमुळेच इतकी वर्षं आम्ही ठामपणे बोलत नव्हतो. याआधीचे बहुतेक अभ्यास असे होते, की लोकांना विचारायचं तुम्ही किती चालता आणि मग कोण किती जगतं ते पाहायचं. त्यात नेमका हाच घोळ असतो. या चाचणीत कोणी कुठल्या गटात जायचं हे रुग्णाच्या मर्जीवर नव्हतं, त्यामुळे शिस्तीची माणसं दोन्हीकडे सारखीच वाटली गेली. आणि जे आधीपासून नियमित व्यायाम करत होते त्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. म्हणजे हा फायदा न चालणाऱ्यांना चालायला लावल्याचा आहे.

पहिली शंका. आठ वर्षांनी जिवंत असलेल्यांत फरक सातचा. याचा अर्थ असा धरता येईल, की साधारण चौदा जणांना तीन वर्षं व्यायामाला लावलं तर आठव्या वर्षी त्यांच्यातला एक जास्त माणूस आपल्यात असतो. आमच्या क्षेत्रात एवढ्या फायद्यासाठी औषधं मंजूर होतात आणि ती घ्यायला लोक घरं गहाण टाकतात. हा फायदा त्या सगळ्या औषधांच्या वर मिळालेला आहे, कारण दोन्ही गटांची केमो आधीच झालेली होती.

एक बाजू लपवायची नाही: स्नायू आणि सांधे दुखावण्याच्या तक्रारी व्यायामाच्या गटात जास्त होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५ टक्के. गुडघे, पाठ, घोटे. म्हणून 'उद्यापासून पळा' असं सांगणं चुकीचं.

आता आम्ही का सांगत नाही ते. ओपीडीत सकाळी माणसं पहाटेची एसटी पकडून आलेली असतात. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटं येतात. त्या मिनिटांत रिपोर्ट पाहायचे, पुढची केमो लिहायची, ताप-उलट्या विचारायच्या, योजनेचे कागद सही करायचे. शिकताना आम्हाला व्यायाम कुणी शिकवलेला नसतो. आणि भीती असते: चाला म्हटलं आणि हाड मोडलं तर? रक्तातल्या पेशी कमी असताना पडला तर? न सांगणं सोयीचं वाटतं. पण न सांगण्यानेही नुकसान होतंच, फक्त ते आमच्या टेबलावर दिसत नाही.

उपचार चालू असतानाही व्यायाम सांगावा, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे, आजार बरा करण्याच्या उद्देशाने उपचार घेणाऱ्यांसाठी. ऑस्ट्रेलियातल्या संघटनेने २०१८ मध्येच म्हटलं होतं, की व्यायाम हा कॅन्सरच्या उपचारांचा नेहमीचा भाग मानावा. साधं प्रमाण हे: आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम किंचित लागेल असं चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम.

मी स्वतः आता केसपेपरवर औषधांच्या खालीच लिहितो. मजकूर असा:

'रोज जेवणाआधी १० मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवणे. चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये इतका वेग. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे ८ वेळा, दिवसातून दोनदा. ताप, छातीत दुखणे, चक्कर, नवीन हाडदुखी असल्यास बंद करून फोन करणे. घरच्यांनी सोबत जावे.'

शेवटची ओळ मुद्दाम आहे. सोबत चला म्हटलं की अडवणारे घरचेच चालायला बाहेर पडतात. आणि पुढच्या भेटीला मी पहिला प्रश्न 'किती चालता?' हाच विचारतो, म्हणजे त्यांना कळतं की ही गोष्ट औषधाइतकीच मोजली जाते.

---

हॅमिल्टनकर

मी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात राहते. माझ्या यजमानांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन आणि ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो झाली. ही चाचणी आमच्याच प्रांतातल्या विद्यापीठातून चालवली गेली, तरीही उपचार संपले तेव्हा आम्हाला व्यायामाबद्दल कुणी काही सांगितलं नाही. रक्त कधी तपासायचं, स्कॅन कधी, कोलोनोस्कोपी कधी, एवढं वेळापत्रक हातात मिळालं. त्यामुळे ही अडचण फक्त भारतातल्या गर्दीची आहे असं समजू नका. बातमी मी स्वतः वाचली आणि पुढच्या भेटीत विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'हो, जरूर करा.' आम्ही विचारलं नसतं तर ते राहिलंच असतं.

आमची अडचण वेगळीच होती. केमोमुळे यजमानांच्या तळपायांना मुंग्या आणि बधिरपणा आलाय. पाय कुठे पडतोय ते कळत नाही. त्यात इथला हिवाळा, फुटपाथवर बर्फ. मग आम्ही मॉलमध्ये चालायला लागलो. सकाळी दुकानं उघडायच्या आधी मॉलची दारं उघडतात आणि बरीच वयस्क मंडळी आतल्या आत फेऱ्या मारतात. सपाट फरशी, भरपूर उजेड, बसायला बाकडी, स्वच्छतागृह जवळ. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर हे शेवटचं किती महत्त्वाचं असतं ते ज्याचं त्याला माहीत. तिथे एक गुजराती जोडपं आणि एक पंजाबी आजोबा सोबतीला मिळाले. आजोबांच्या घरी कुणाला तरी हाच आजार झालेला. यजमान एकटे असते तर थांबले असते, पण आजोबा वाट पाहतात म्हणून जातात.

---

पन्हाळगड

@हॅमिल्टनकर, बधिर तळपायांचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. ऑक्सॅलिप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल अशा औषधांनंतर हा त्रास अनेकांना होतो आणि पडण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे लोक अनवाणी किंवा स्लिपर घालून चालतात. अशांनी मागून बंद असलेले, टाचेला घट्ट बसणारे बूट घालावेत, अंधारात चालू नये आणि रात्री तळवे पाहावेत, कारण खडा टोचला तरी कळत नाही. ओट्याला धरून एका पायावर उभं राहण्याचा सराव तोल सुधारायला चांगला.

---

कपाशी

यवतमाळ जिल्हा. वरचं सगळं वाचलं, पटलं. पण आमच्याकडच्या बायकांचं काय? माझ्या जाऊबाईंचं स्तनाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, 'रोज चालत जा.' त्या म्हणाल्या, 'साहेब, मी शेतात चालतच जातो ना.' डॉक्टर म्हणाले मग ठीक आहे. वेचणीच्या हंगामात सकाळपासून वाकून कापूस वेचणं, ओटीत भरत जाणं, संध्याकाळी ओझं उचलणं. घरी येऊन पुन्हा स्वयंपाक. त्यांना व्यायाम सांगायचा की विश्रांती? आमच्या घरात उलटं आहे, ऑपरेशननंतर लवकर कामाला लागली म्हणून तिचं कौतुक झालं.

---

गोदाकाठ

@कपाशी, हा प्रश्न तुम्ही मांडलात हे फार बरं झालं. मी लिहिलेलं पलंगावर बसवून ठेवण्याचं चित्र शहरातल्या आणि बऱ्या परिस्थितीतल्या घरांचं जास्त आहे. परदेशातले हे अभ्यास बसून काम करणाऱ्या माणसांचे आहेत. दिवसभर वाकून कष्ट करणाऱ्या बाईला तेच जसंच्या तसं सांगणं बरोबर नाही.

काम आणि व्यायाम यांत शरीराच्या दृष्टीने फरक पडतो. व्यायामात दम लागतो, मग आपण थांबतो, प्रत्येक सांधा पूर्ण फिरतो, वजन हळूहळू वाढतं. वेचणीत तासन्‌तास एकाच स्थितीत वाकून राहावं लागतं, खांदा अर्धाच हलतो, ओझं एकदम येतं आणि थांबणं आपल्या हातात नसतं. म्हणून दिवसभर राबूनही ऑपरेशनच्या बाजूचा खांदा आखडलेला सापडतो. तुमच्या जाऊबाईंना हात कानाला लागेपर्यंत सरळ वर नेता येतो का ते बघा. येत नसेल तर त्यांना चालण्यापेक्षा खांद्याच्या व्यायामाची गरज आहे: सकाळी निघताना आणि रात्री झोपताना, पाठीवर झोपून दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी धरून डोक्याच्या वर नेणं.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. पऱ्हाटीच्या सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडले जातात. ज्या हाताच्या काखेतल्या गाठी काढल्यात तिथे साध्या ओरखड्यातून जंतू शिरले तर हात लाल, गरम होऊन सुजतो, ताप येतो आणि त्यानंतर सूज कायमची राहू शकते. पूर्ण बाहीचा सदरा, शक्य तर हातमोजे, घरी आल्यावर साबणाने हात धुणं, ओरखड्याला लगेच औषध लावणं. हात लाल झाला तर त्याच दिवशी दवाखाना, बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची नाही. ओझं दुसऱ्या खांद्यावर किंवा दोन फेऱ्यांत.

आणि विश्रांती मिळावी यासाठीही डॉक्टरांचा शब्द वापरता येतो. 'दुपारी तासभर आडवं व्हायचं' हे केसपेपरवर लिहून आणा, घरात वाचून दाखवा.

---

पन्हाळगड

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. 'मी चालतच जातो' या उत्तरावर आम्ही डॉक्टर खूश होतो आणि पुढचा रुग्ण बोलावतो. काय काम, किती तास, कुठल्या हाताने, हे विचारायला हवं.

---

तांबडी माती

माझ्या भावाचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन. तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टरांनी स्वतः दाखवला: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. तो नियमाने करतो आणि आता त्याला भाकरी मऊ करून खाता येते. पण उजवा खांदा खाली उतरलाय, शर्ट घालताना हात वर जात नाही. त्याबद्दल कुणी बोललं नाही. इथे सगळी चर्चा आतड्याची आणि स्तनाची चालली आहे, म्हणून विचारतो. आपल्याकडे पुरुषांमध्ये तर तोंडाचाच जास्त आहे.

---

गोदाकाठ

अगदी खरं. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस तिथूनच जाते. ती कापली नाही, नुसती हाताळली गेली तरी महिनोन्‌महिने कमजोर राहते. खांदा खाली उतरतो, पुढे झुकतो, मग हात बाजूने वर जात नाही आणि दुखायला लागतं. रुग्ण समजतो हा ऑपरेशनचा भाग आहे, सोसायला हवा.

अल्बर्टामध्येच मार्गारेट मॅकनीली यांनी अशाच रुग्णांना टप्प्याटप्प्याने वजन वाढवत खांद्याचे व्यायाम दिले, २००८ मध्ये ते छापून आलं. नुसत्या नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा दुखणं कमी झालं आणि हाताची ताकद वाढली. तुमच्या भावाने खांदे मागे ओढून पाठीची फरं एकमेकांकडे आणण्याचा व्यायाम आजपासून सुरू करावा, बसल्या बसल्या होतो. दुखणाऱ्या हाताने जड पिशवी लोंबकळत नेऊ नये, नस आणखी ताणली जाते. वजनाचे व्यायाम मात्र प्रत्यक्ष दाखवूनच.

एक सांगते. चालण्याने आयुष्य वाढतं हे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दिसलंय. तोंडाच्या कॅन्सरबद्दल तसंच म्हणणं बरोबर होणार नाही. तिथे व्यायाम हा खाता यावं, बोलता यावं, कामावर परत जाता यावं म्हणून आहे, आणि एवढं कारण पुरेसं आहे. तंबाखू सुटलेली राहणं हे तिथे सगळ्यांत आधी.

---

मोगरा

योगासनांचं काय? आमच्या कॉलनीतल्या वर्गात केमो चालू असलेल्या दोघी येतात. बाई त्यांना कपालभातीही करायला लावतात.

---

पन्हाळगड

मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगासनांची चाचणी केली आणि डॉ. नीता नायर यांनी ती डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली. त्यांची पद्धत हलक्या आसनांची होती: सोपी ताणाची आसनं, प्राणायाम, मध्ये भरपूर विश्रांती, दमवणारे प्रकार नाहीत. जीवनमान सुधारलं, आणि आजार न उलटता राहण्यातही सापेक्ष, म्हणजे दुसऱ्या गटाच्या तुलनेत, १५ टक्के सुधारणा त्यांनी सांगितली. मी त्यावरून योग जरूर सुचवतो, पण आयुर्मानाबाबत कॅनडाच्या चाचणीवर जेवढा भर देईन तेवढा यावर देणार नाही.

कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन, पोटावर दाब आणणारी आसनं केमो चालू असताना नकोत, पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर मुळीच नकोत. पाठीच्या कण्यात आजार असेल तर पुढे वाकणं आणि पीळ देणं धोक्याचं. वर्गातल्या बाईंना त्या दोघींनी आपला आजार स्पष्ट सांगावा.

आणि योग किंवा चालणं हे केमोच्या ऐवजी नाही. कॅनडाच्या चाचणीतला प्रत्येक जण आधी केमो पूर्ण करून आला होता. कुणी 'नुसत्या प्राणायामाने बरं होतं' सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा.

---

नीरा

वाचत होते, लिहू की नको असं झालं. माझे वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनेच गेले. केमोनंतर ते फारसे उठलेच नाहीत, आम्हीही उठवलं नाही. आता हे आकडे वाचून सारखं वाटतंय, आम्ही चालवलं असतं तर?

---

पन्हाळगड

नीराताई, हे आकडे तुमच्या वडिलांबद्दल काहीही सांगत नाहीत. ही चाचणी ज्यांचा आजार ऑपरेशनने पूर्ण काढला गेला, केमो पचली आणि जे चालण्याची चाचणी पार करू शकत होते अशांवर झाली. व्यायामाच्या गटातल्याही शंभरातल्या वीस जणांचा आजार पाच वर्षांत उलटला किंवा ते गेले, आणि त्यांनी व्यायाम केला होता. केमोनंतर माणूस उठत नाही त्यामागे बऱ्याचदा आजारच असतो. तुम्हाला तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं तेच तुम्ही केलंत. न सांगण्याची जबाबदारी आमची आहे, तुमची नाही.

हे मी इतर सगळ्यांसाठीही लिहितो. 'तू चालत नव्हतास म्हणून परत आला' हे वाक्य कुठल्याही घरात बोललं जाऊ नये.

---

चाफा

नीराताई, तुम्ही त्यांच्याजवळ होतात. तेच त्यांना हवं होतं.

---

आकडेमोड

माझ्या शंकांची उत्तरं मिळाली, मनापासून आभार. एक विचार मांडतो. माहितीपत्रकांचा गटही 'व्यायाम करा' हे वाचतच होता, तरी फरक पडला तो मार्गदर्शकामुळे. म्हणजे डॉक्टरांचा शब्द ही सुरुवात झाली, पण पुढे कुणीतरी दर पंधरा दिवसांनी विचारायला हवं. आपल्याकडे ते कोण करेल? मला वाटतं आशाताईंवर आणखी एक काम टाकू नये. बरे झालेले रुग्णच हे करू शकतील का?

---

गोदाकाठ

माझ्या मनात नेमकं तेच आहे. हॅमिल्टनकर ताईंच्या यजमानांना वाट पाहणारे आजोबा आहेत, तसं कुणीतरी. आमच्या विभागात आम्ही उपचार संपलेल्यांचा एक व्हॉट्सॲप गट केला आहे, त्यात किती चाललात एवढंच लिहायचं. स्पर्धा नाही, फोटो नाहीत. ज्याचं काही आलं नाही त्याला दुसरा रुग्ण फोन करतो. आमच्यापेक्षा त्यांचं त्यांना जास्त पटतं. दुखणं, सूज, ताप असेल तर तो फोन आमच्याकडे येतो. जिल्ह्याच्या रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची पदं भरली गेली तर हेच काम नीट उभं राहील, त्याची मागणी आपण करायलाच हवी.

---

सह्यकडा

एक व्यावहारिक प्रश्न. आईला ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी आहे. केमो संपली. ती चालायला तयार आहे, पण पिशवी सुटेल आणि लोकांत लाज जाईल म्हणून बाहेर पडत नाही. आणि पिशवीच्या बाजूला थोडा फुगवटा दिसतोय. काय करावं?

---

गोदाकाठ

फुगवटा आधी सर्जनना दाखवा. पिशवीच्या छिद्राशेजारून आतडं बाहेर ढकललं जाऊ शकतं, तो हर्निया असू शकतो. तो आहे की नाही हे कळेपर्यंत वजन उचलणं, खाली बसून जोर लावणं, झोपून पोट उचलण्याचे व्यायाम बंद. सपाट रस्त्यावर चालायला बहुधा परवानगी मिळेल, पण तेही त्यांना विचारूनच.

चालायच्या आधी पिशवी रिकामी करा, एक तृतीयांश भरली असेल तरी. जेवणानंतर लगेच निघू नका, प्रत्येकाचा पिशवी शांत असण्याचा वेळ ठरलेला असतो, तो आईंना आता कळला असेल. वर पोटाचा आधार देणारा पट्टा मिळतो, पिशवीसाठी छिद्र असलेला. तो मापाचा घ्यावा लागतो, मेडिकलमधून अंदाजाने आणू नका. खांद्याच्या पिशवीत एक जादा पिशवी, ओले टिश्यू आणि एक साडी किंवा गाऊन. पहिले काही दिवस गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारा, विश्वास आला की बाहेर. उन्हाळ्यात पाणी जास्त प्यायला हवं, आणि पिशवी लहान आतड्याची असेल तर मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. पिशवी कुठल्या आतड्याची आहे ते डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं असतं, ते बघून इथे सांगा, म्हणजे पुढचं सांगते.

---

सह्यकडा

कार्ड पाहिलं, मोठ्या आतड्याची आहे. सर्जनची वेळ सोमवारची मिळाली. फुगवट्याबद्दल आणि चालण्याबद्दल, दोन्ही विचारतो आणि केसपेपरवर लिहून घेतो.